ओबोवादनात करिअर : गुणी मुलांसाठी पुढची वाट

शिक्षक खूश आहेत, ग्रेड परीक्षांत गुणही उत्तम. तरी ‘यावर पोट भरेल का?’ ही पालकांची काळजी रास्त आहे. आधी जागा किती, ते पाहा. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादक पंचवीस-तीस असतात, ओबोवादक तीन-चारच. एक जागा रिकामी व्हायला कित्येक वर्षं जातात.

म्हणून एकट्याने सुंदर वाजवणं पुरत नाही. इतरांसोबत वाजवण्याची सवय लवकर लागायला हवी. स्पेनमधल्या ग्रानादाचा रामोन ओर्तेगा केरो (जन्म १९८८) शिकत असतानाच कंडक्टर डॅनिएल बॅरेनबॉइम यांच्या वेस्ट-ईस्टर्न दिवाण ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. २००७ मध्ये त्याने म्युनिकच्या एआरडी संगीत स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं आणि २००८ मध्ये तो बव्हेरियन रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख ओबोवादक झाला. बक्षिसाआधीची ऑर्केस्ट्रातली वर्षं पालकांनी नीट लक्षात घ्यावीत.

तयारी कशाची?

रीड : सनईप्रमाणे ओबोलाही दुहेरी पाती असते. व्यावसायिक वादक ती बहुधा स्वतःच तासून बनवतात आणि ती लवकर निकामी होते. रियाजाइतकाच वेळ या कामात जातो. मुलाला त्याचा कंटाळा येतो का, हे आधी पाहा.

ऑडिशन : मोत्झार्टचा ओबो कॉन्चेर्तो जवळपास सगळीकडे मागतात. शिवाय ब्राम्सच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या संथ भागातल्या ओबो सोलोसारखे ऑर्केस्ट्रातले उतारे असतात. निवड झाली तरी पुढे परीक्षेचा काळ असतो. सहकाऱ्यांशी सूर जुळला तरच नोकरी पक्की होते.

शिक्षण : पदवीनंतर बर्लिन फिलहार्मोनिकच्या कारायान अकादमीसारख्या ठिकाणी वादकांच्या शेजारी बसून शिकता येतं. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. तिच्या मैफलींना मुलांना आवर्जून न्या.

जोडकौशल्यं : कोर आंग्ले हे ओबोचंच मोठं भावंड वाजवता आलं की संधी वाढते. शिकवणं, चेंबर संगीत आणि रीड बनवून विकणं यांतूनही कमाई होते.

परदेशी प्रवेशासाठी पैसे भरण्याआधी ऑर्केस्ट्रात नोकरी करणाऱ्या किमान दोन ओबोवादकांना मुलाचं वादन ऐकवा आणि स्पष्ट मत मागा. त्यांनी होकार दिला आणि मूल रोज आपणहून रीड तासायला बसत असेल, तर निर्धास्तपणे त्याच्या पाठीशी उभे राहा.