मदरबोर्ड बदलण्याआधी

चि. ईशास,


दुकानदार मदरबोर्ड गेला म्हणतोय, पण इतक्यात पैसे देऊ नकोस. वळवाच्या पावसात वीज चारदा ये-जा करते आणि मग बटण दाबून दिवासुद्धा लागत नाही, तेव्हा माझा पहिला संशय संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर जातो.

आधी दुसरा सॉकेट आणि दुसरी केबल लावून पाहा. मॉनिटरची केबल बहुधा चालते. मागचा छोटा स्विचही बघ. तरीही काही नाही, तर वीज तोडून एसएमपीएसच्या सगळ्या तारा आतून सोडव. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार शेजारच्या काळीला पेपरक्लिपने जोड आणि मगच वीज दे. क्लिपला तेव्हा हात लावू नकोस. पंखा फिरला एवढ्यावर समाधान मानू नकोस, मल्टिमीटर लाव: पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३, पाच टक्के इकडे-तिकडे. पिवळी ११.४ च्या खाली गेली की एसएमपीएस बाद. आकडे बरोबर आले तरी तो निर्दोष ठरत नाही. भार पडल्यावर कोसळणारे पुष्कळ असतात. म्हणून मैत्रिणीचा चांगला एसएमपीएस तासभर लावून पाहणं सर्वांत खात्रीचं.

त्याचं झाकण मात्र उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात. याबाबतीत माझं ऐकच.

नवा घेताना डब्यावरच्या वॅटवर जाऊ नकोस, लेबल वाच. ‘४५० वॅट’ लिहिलंय आणि १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला मिळणार जेमतेम २१६ वॅट. ‘८० प्लस’ची खूण वीज किती वाया जाते ते सांगते, टिकाऊपणा नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणारा तर नकोच.

आणि सुट्या केबलींचा एसएमपीएस घेतलास, तर त्याच्याच केबली वापर. जुन्या केबलचं टोक नीट बसतं, पण आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि १२ व्होल्ट भलत्या जागी गेले की हार्ड डिस्क जळते. तुझा प्रबंध तिच्यावरच आहे ना? यंत्र सुरू झालं की सर्वांत आधी त्याची प्रत काढ, मग मला फोन कर.

तुझा,
मामा