शिक्षकाच्या पिशवीत काय असावे?

पाठ : निर्गम ४:१-५, योहान ६:५-१३

तळेगाव (श्यामजी पंत) येथून एका शिक्षकबंधूंनी आम्हास विचारले आहे की, शब्बाथशाळेसाठी व रात्रीच्या अभ्यासवर्गासाठी कोणते साहित्य विकत आणावे. प्रश्न योग्य आहे. परंतु पैशाचा हिशेब मांडण्यापूर्वी वरील दोन्ही पाठ वाचावे, अशी आमची विनंती आहे. लोक आपणावर विश्वास ठेवणार नाहीत, अशी सबब मोशेने सांगितली, तेव्हा देवाने त्यास नवे शस्त्र दिले नाही. हातात काय आहे एवढेच विचारले. हातात मेंढपाळाची काठी होती. दुसऱ्या पाठात फिलिप्प भाकरीच्या किमतीचा हिशेब करीत राहिला, आणि आंद्रियाने एका मुलाची शिदोरी दाखविली. ती पुरेल असे त्यालाही वाटले नव्हते, ही गोष्ट निराळी.

तळेगाव हे आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे गाव. भोवताली कापूस, तूर, संत्री. तेव्हा पहिले साहित्य तुराट्यांचे. त्यांचे वीतभर तुकडे करून दहा-दहांच्या जुड्या सुतळीने बांधाव्या व काही काड्या सुट्या ठेवाव्या. चौतिसांतून आठ वजा करावयाचे असता मूल हातचा घेताना अडखळते. त्याच्यापुढे तीन जुड्या व चार काड्या ठेवा. चारांतून आठ जात नाहीत हे त्यास दिसते, आणि मग एक जुडी ते आपल्याच हाताने सोडते. फळ्यावर दहादा सांगून जे उमजत नाही ते या एका गाठीच्या सुटण्याने उमजते. मोजणीसाठी चिंचोके आहेतच. एक मीटर सुतळीस दर दहा सेंटिमीटरांवर गाठ मारली की मापाची पट्टी तयार झाली.

शास्त्राच्या पाठासही याहून वेगळे काही लागत नाही. मोहरीचा दाणा, खमीर, दिवा, मीठ हेच आमच्या प्रभूचे साहित्य होते. कैसराच्या कराविषयी बोलताना नाणे तर त्यास दुसऱ्याकडून मागून घ्यावे लागले.

आपल्या आज्यापणज्यांच्या काळी धूळपाटी असे. फळीवर बारीक धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत. धुळाक्षरे हा शब्द तेथूनच आला. मलबारी मुले वाळूत अक्षरे लिहिताना पाहून मद्रासच्या अनाथगृहाचे पाद्री अँड्र्यू बेल यांनी ती रीत आपल्या शाळेत घेतली, व १७९७ साली लंडनात त्या प्रयोगाचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे इंग्लंडातील गरिबांची मुलेही वाळूत अक्षरे गिरवू लागली. ज्या साधनाची आपणास लाज वाटते ते असे समुद्रापार गेले होते. आपल्या वर्धा जिल्ह्याचेही उदाहरण आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जी योजना आखली तीत सूतकताईला शिक्षणाचे साधन मानले होते. मुलांनी टकळीवर सूत काढावे व ते मोजता मोजता अंकगणित शिकावे, असा तो विचार. त्या समितीचे संयोजक आर्यनायकम् हे सिलोनातील ख्रिस्ती घराण्यात जन्मले होते. ती योजना सर्वत्र टिकली नाही. पण कापसाच्या मुलखात कापसापासून शिकवावे, हे म्हणणे आम्हास आजही पटते.

आता पिशवीविषयी. खडू, फळा पुसण्यास ओले फडके, पेन्सिलीस टोक करण्याचे साधन, सुईदोरा व दोनचार गुंड्या. गुंडी तुटलेला मुलगा सदरा मुठीत धरून बसतो व त्याचा उजवा हात लिहिण्यास मोकळा राहत नाही, हे आम्ही पाहिले आहे. ठेच लागल्यास जखम धुण्यास स्वच्छ पाणी व बांधण्यास धुतलेले कापड. साखर व मीठही असू द्यावे. एखाद्या मुलास जुलाब होऊ लागल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजीत राहावे, आणि घरी निरोप पाठवून त्यास आरोग्यकेंद्रात न्यावे. प्रमाण अंदाजाने घेऊ नये. जास्त मिठाने अपाय होतो.

आणि दोन जादा पाट्या. हे आम्ही शेवटी लिहिले, कारण ते आम्हास उशिरा समजले. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. एक मुलगी तीन आठवडे आईबरोबर शेतावर होती, ती वर्गात आली तेव्हा आम्ही सर्वांसमक्ष पहिला प्रश्न केला, "पाटी कोठे आहे?" ती खाली पाहत राहिली. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्यापुढच्याही नाही. शेवटी आम्ही तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, "पाटी फुटली, साहेब. पोरीले सांगाची लाज वाटली." आमच्या पिशवीत त्या दिवशी शास्त्र होते, गायनाचे पुस्तक होते, हजेरीची वही होती. त्या वहीत तिच्या नावापुढे आम्ही गैरहजेरीच्या खुणा नीट करून ठेवल्या होत्या.

ती महिन्याने परत आली व मागे भिंतीशी बसली. आता आम्ही वर्ग भरण्यापूर्वीच दोन पाट्या व पेन्सिली दाराजवळच्या कोनाड्यात ठेवतो. ज्यास हवी त्याने घ्यावी, जाताना ठेवावी. कोणी घेतली हे आम्ही विचारीत नाही. पाट्यांचा खर्च मंडळीच्या अर्पणातून करण्यास आमच्या वडीलजनांची हरकत नव्हती. एक पाटी परत आली नाही, तेव्हा तिच्या जागी दुसरी ठेवली.