चाकांच्या बुटांवरून कठड्यावर घसरण्याची विद्या

कोणतीही कसरत प्रथम पाहणारास ती केवळ धाडसाची गोष्ट वाटते. डोंबारी दोरावरून चालतो, मल्ल मल्लखांबावर उलटा लटकतो, तेव्हां आपण त्याच्या छातीचें कौतुक करितों. परंतु ती छाती त्याला कोणत्या अभ्यासानें लाभली, याचा विचार आपण क्वचितच करितों. पायांत चाकांचे बूट घालून वेगानें येणें, उडी मारून एखाद्या लोखंडी कठड्यावर आडवें उभें राहणें आणि त्यावरून घसरत जाऊन पलीकडे सुखरूप उतरणें, या खेळाचीही तीच गोष्ट आहे. अशा घसरण्यास इंग्रजींत 'ग्राइंड' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ दळणें किंवा घासणें. तें पाहून मुलांचे डोळे चमकतात आणि आईबापांच्या पोटांत गोळा उठतो. उभयतांच्या उपयोगीं पडावें म्हणून या विद्येचा क्रम व त्यामागील शास्त्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एका ओळींत चाकें बसविलेल्या स्केटची कल्पना तशी जुनी आहे. इ. स. १८१९ मध्यें पेतिब्लेद नांवाच्या गृहस्थानें पॅरिस येथें अशा स्केटचें पेटंट घेतलें होतें. पुढें १८६३ सालीं अमेरिकेंत जेम्स प्लिम्प्टन यानें दोन चाकें पुढें व दोन मागें अशा रचनेचा स्केट काढला. त्यावर वळणें सोपें असल्यामुळें तोच रूढ झाला व ओळीचा स्केट मागें पडला. १९८० च्या सुमारास मिनेसोटा संस्थानांतील मिनिआपोलिस शहरीं स्कॉट व ब्रेनन ऑल्सन या बंधूंनीं, बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंस उन्हाळ्यांतही सराव करतां यावा, म्हणून त्याला नवें रूप दिलें. लवकरच शहरांतील मुलें तो घालून पायऱ्या, कट्टे व कठडे यांवर कसरती करूं लागलीं. 'एक्स गेम्स' या नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेली स्पर्धा १९९५ सालीं ऱ्होड आयलंड येथें प्रथम भरली, तींत या कसरतींना स्थान मिळालें. त्याच स्पर्धेंत नंतरच्या वर्षीं ब्राझीलच्या फाबिओला दा सिल्वा हिनें उंच उतारावरील कसरतींत अनेक सुवर्णपदकें जिंकून हा खेळ केवळ मुलग्यांचा नव्हे हें दाखविलें. आपल्या देशांत ओळीच्या स्केटवरील शर्यती अधिक परिचित आहेत. २०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या स्त्रियांच्या व पुरुषांच्या संघांनीं ३००० मीटरच्या सांघिक शर्यतींत कांस्यपदकें मिळविलीं.

परंतु शर्यतीचा स्केट घालून कठड्यावर चढूं नये. शर्यतीचीं चाकें मोठीं असतात, कारण तेथें वेग हवा असतो. कसरतीच्या स्केटचीं चाकें सुमारें ५५ ते ६० मिलिमीटर व्यासाचीं आणि कठीण असतात. त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या चाकांच्या मध्यें मुद्दाम जागा सोडलेली असून तेथें कठीण प्लॅस्टिकची खांच असते. बूट आडवा ठेवला म्हणजे कठडा या खांचेंत बसतो. बुटाच्या तळालाही बाहेरच्या बाजूस प्लॅस्टिकची रुंद, गुळगुळीत पट्टी असते. घसरावयाचें तें या खांचेवर किंवा या पट्टीवर, चाकांवर नव्हे.

आतां शास्त्राकडे वळूं. शरीर २० सेंटिमीटर वर जाण्यास सुमारें ०.२ सेकंद लागतो. मुलगा दर सेकंदास ३ मीटर वेगानें येत असेल, तर तेवढ्या अवधींत तो ६० सेंटिमीटर पुढें जातो. म्हणून कठड्याच्या ज्या जागीं पाय टेकावयाचे, तिच्या सुमारें ६० सेंटिमीटर अलीकडेच उडी घेतली पाहिजे, आणि तितक्याच अवधींत अंगही वळविलें पाहिजे. एवढ्या अल्प वेळांत विचार करणें शक्य नसतें; विचार आधींच झालेला असावा लागतो.

दुसरी गोष्ट घर्षणाची. खांच व कठडा यांचा घर्षणांक ०.२ मानला, तर वेग दर सेकंदास सुमारें २ मीटर या प्रमाणांत कमी होतो, आणि ३ मीटर वेगानें आलेला मुलगा सव्वादोन मीटर घसरून थांबतो. कठड्याला मेण चोळून घर्षणांक निम्मा केला, तर तोच मुलगा साडेचार मीटर जाईल. मल्लखांबाला एरंडेल चोळतात, तद्वत् येथें मेणाची योजना. मात्र दोन्हीकडे धोका आहे. कठडा खरखरीत असेल तर पाय अडतात, परंतु शरीराची गति कायम राहते, आणि मुलगा पुढें फेंकला जातो. मेण फार झालें तर पाय पुढें निसटतात आणि तो पाठीवर आपटतो. यास्तव उडी घेण्यापूर्वीं स्केट हातांत घेऊन कठड्यावर घांसून पाहावा. किती घसरतो याचा अंदाज तेथेंच येतो.

आतां पाठांचा क्रम सांगतों. पहिला पाठ सपाट जमिनीवरचा. दोन्ही बाजूंस वळणें, हवें तेथें थांबणें, दोन्ही पायांनीं उडी मारून गुडघे वांकवून उतरणें, आणि उडींत अंग पाव फेरा वळविणें, इतकें सहज जमल्यावांचून कठड्याकडे पाहूंही नये.

दुसरा पाठ पडण्याचा. हें वाचून कोणास हंसूं येईल, पण पडणें ही शिकण्याची गोष्ट आहे. तोल गेला असतां आपण स्वभावतःच हात ताठ पुढें करितों, आणि सर्व भार मनगटावर येऊन हाड मोडतें. त्याऐवजीं खालीं बसून भार आधीं गुडघ्यांच्या गाद्यांवर, मग कोंपरांच्या गाद्यांवर घ्यावा व हात पुढें घसरूं द्यावे. हा सराव गवतावर करावा.

तिसरा पाठ उभें राहण्याचा. वीतभर उंचीचा, घट्ट बसविलेला कट्टा किंवा लोखंडी कांठ निवडावा. सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवून, न घसरतां, दोन्ही बूट आडवे करून खांचा कांठावर बसवाव्या. खुर्चीवर बसल्याप्रमाणें गुडघे वांकवावे, भार दोन्ही पायांवर सारखा ठेवावा, आणि दृष्टि पायांकडे न ठेवतां कांठाच्या शेवटाकडे ठेवावी. हीच 'फ्रंटसाइड' या प्रकाराची बैठक होय. 'सोल' या प्रकारांत पुढचा पाय खांचेवर आडवा असतो, मागचा पाय तळाच्या पट्टीवर टेकतो, आणि बहुतेक भार मागच्या पायावर असतो. या दोन बैठका पायांना ओळखीच्या झाल्या म्हणजे अर्धें काम झालें.

चौथा पाठ चालत्या वेगाचा. कांठाला जवळजवळ समांतर, सावकाश यावें, उडी घेऊन बैठक साधावी व हातभर घसरून उतरावें. उतरतांना आधीं मान व खांदे जाण्याच्या दिशेस वळवावे, म्हणजे पाय आपोआप मागून येतात. पुढें वेग वाढवावा, मग लांबी वाढवावी, आणि उंची सर्वांच्या शेवटीं. एका दिवशीं दोन गोष्टी वाढवूं नयेत. एक पाय उचलून एकाच पट्टीवर घसरण्याचा 'मॅकिओ' व इतर अवघड प्रकार यानंतरचे. साधी अढी पक्की झाल्यावांचून कोणताही उस्ताद मल्लखांबावर पुढचा डाव सांगत नाहीं. उतावळ्या नवऱ्यानें गुडघ्याला बाशिंग बांधल्याची म्हण आपणांस ठाऊकच आहे; येथें उतावळ्याच्या गुडघ्याला बाशिंगाऐवजीं मलमपट्टी बांधावी लागते.

या सर्व विद्येचें मर्म एका गोष्टींत आहे. कठड्यावर पुष्कळ मुलें पडतात तीं धाडसानें नव्हे, तर अर्ध्या धाडसानें. उडी घेतांना मन कचरलें म्हणजे एक पाय वर जातो व दुसरा अलीकडेच घुटमळतो. शरीराचा भार मागें राहतो, पाय पुढें निसटतात, आणि अपघात होतो. ज्यानें पुरती उडी घेतली तो बहुधा उभा राहतो. ज्यानें मुळींच घेतली नाहीं तो तर सुखरूपच आहे. म्हणून शंका असेल तर उडीपूर्वींच थांबावें. त्यांत कमीपणा नाहीं. एकदां पाय जमिनीवरून सुटल्यावर मात्र शंकेला जागा नाहीं. ही निःशंकता 'भिऊं नको' म्हणून ओरडणाऱ्या सोबत्यांकडून मिळत नाहीं. ती खालच्या पाठांच्या शेंकडों आवर्तनांतूनच मिळते.

आईबापांस आमची विनंति अशी कीं, मुलास हा खेळ खेळूं द्यावयाचा तर स्केटच्या आधीं शिरस्त्राण, गुडघ्याच्या व कोंपराच्या गाद्या आणि मनगटाचे पट्टे घ्यावे. अमेरिकेंत १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय पाहणींत असें दिसून आलें कीं, ओळीच्या स्केटवर सर्वांत अधिक इजा मनगटास होते, आणि पट्टे न बांधणारास ती होण्याचा संभव बांधणाराच्या सुमारें दसपट असतो. मुलानें पट्टे बांधण्यास कंटाळा केला, तर त्या दिवशीं खेळ बंद ठेवावा. याउलट, जो मुलगा न सांगतां पट्टे बांधतो व वीतभर कट्ट्यावर महिनाभर सराव करितो, त्याला केवळ आपल्या भीतीपोटीं अडवूं नये.

विद्यार्थ्यांसही एक शब्द सांगणें आहे. रुग्णालयाचा जिना, देवळाच्या पायऱ्या किंवा पुलाचा कठडा हीं आपल्या खेळाचीं साधनें नव्हेत. जेथें आपण मेण चोळतों, तेथें संध्याकाळीं एखादी आजीबाई आधारासाठीं हात ठेवते, हें विसरूं नये. यासाठीं बांधलेलीं क्रीडांगणें असतील तेथें जावें. नसतील तर परवानगी घेऊन मोकळ्या जागेंत लोखंडी कांठाची एक बुटकी पेटी ठेवावी. तीवर सारे पाठ होतात.

ज्या मुलास आज वीतभर कट्टा पुरेसा वाटतो, त्यालाच उद्यां उंच कठडा साधतो. तेव्हां, बालमित्रहो, आधीं पडावयास शिका, मग उभें राहावयास शिका, आणि घसरण्याचा विचार त्यानंतर करा.