बोलत नाही, पण वाजवतो

चौदा वर्षांचा मुलगा. जेवायला हाक मारली तरी येत नाही. शाळेला जायचे म्हटले की त्याच्या पोटात दुखते. रात्र-रात्र जागा असतो. विचारले तर "काही नाही" एवढेच म्हणतो. आई म्हणते, "दृष्ट लागली." बाप म्हणतो, "आळशी झालाय मेला." पण मन आजारी पडले म्हणजेही असे होते.

डॉक्टर अशा मुलाला विचारतात, "काय होतंय रे?" ते त्याला सांगताच येत नाही. शब्दच सापडत नाहीत. मग काही ठिकाणी वाद्य हाती देऊन बघतात. याला संगीतोपचार म्हणतात.

पाच-सात मुले गोल करून बसतात. मध्ये डफ, ढोलकी, झांजा, खुळखुळे ठेवलेले असतात. ज्याला जे आवडेल ते तो उचलतो. कुणी नुसता बसून राहिला तरी चालते. एक जण थाप मारतो, दुसरा तिला थापेनेच उत्तर देतो. कुणी रागाने बडवतो, कुणी एका बोटाने हळूच वाजवतो. उपचार करणाराही त्याच ठेक्यात साथ देतो. मुलाला कळते, माझे कुणीतरी ऐकले.

तुम्ही म्हणाल, "मग आमचे भजन काय वाईट?" वाईट मुळीच नाही. पण भजनात ताल चुकला की बुवा डोळे वटारतात! इथे चूक धरतच नाहीत. आणि उपचार करणारा त्या कामाचे शिक्षण घेतलेला असतो. कोण गप्प झाला, कुणाचे डोळे भरले, तिकडे त्याचे लक्ष असते.

याने गुण येतो का? इंग्लंडजवळ आयर्लंड नावाचे बेट आहे. त्याच्या उत्तर भागात, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये, 2011 ते 2014 या काळात हे तपासून पाहिले. 8 ते 16 वर्षांची 251 मुले घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग केले. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच चालू होते. 128 मुलांना त्याशिवाय संगीतोपचार दिला. आठवड्यातून एकदा, असे 12 आठवडे. तिथे गट नव्हता, एकेका मुलाला वेगळे बसवले.

तेराव्या आठवड्यात पाहिले. संगीत मिळालेल्या मुलांची उदासी दुसऱ्यांपेक्षा कमी होती. तेरा वर्षांवरची मुले म्हणाली, बोलणे आता सोपे वाटते. आईबापांना मात्र मुलांच्या बोलण्यात तसा फरक दिसला नाही! पुढे 26 व्या आठवड्यात पुन्हा पाहिले, तर उदासीतला तो फरक उरला नव्हता.

तेव्हा मुलगा चार दिवस हसला म्हणून डॉक्टरांचे औषध आपल्या मनाने बंद करू नका.

आपल्याकडे संगीतोपचार करणारे थोडेच आहेत. पण जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराची चौकशी करता येते. सरकारने 2022 साली टेली-मानस ही फोनची सोय सुरू केली. नंबर 14416. पैसे पडत नाहीत, रात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येते. मुलगा मरणाची भाषा बोलला तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि घरी तो पातेल्यावर ठेका धरून बसला, तर "बंद कर ते" म्हणून ओरडू नका. दुसरे पातेले घ्या आणि त्याच्यासमोर बसा.