डीजेचे काम आणि हेडफोन

लग्नाची वरात निघाली आहे. एक गाणे संपते न संपते, तोच दुसरे सुरू होते. मधे खंड पडत नाही. ताल चुकत नाही. नाचणारांचे पाय थांबत नाहीत. हे कसे होते बरे?

डीजे एकाच वेळी दोन गाणी सांभाळतो. एक गाणे लोक ऐकतात. पुढचे गाणे फक्त तो ऐकतो, हेडफोनमधून. दोन्हींचा ठेका जुळला, की तो पुढचे गाणे लोकांसाठी सोडतो. सुताराला जशी करवत, तसा डीजेला हेडफोन.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक तरुण येतो. तो हेच काम करतो. पहिल्या कमाईतून त्याने झकपक हेडफोन घेतला. घरी तो छान वाजे. वरातीत मात्र काही ऐकू येईना. मग तो आवाज वाढवी. घरी परतल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजे. पोरगा कामात कच्चा नव्हता. हेडफोन या कामाचा नव्हता. तेव्हा विकत घेण्याआधी काय पाहावे, ते आपण शिकू.

१. वाट्या बंद हव्यात. काही हेडफोनच्या वाट्यांना मागून जाळी असते. तिच्यातून बाहेरचा गोंगाट आत शिरतो. मागून बंद असलेली, कानावर घट्ट बसणारी वाटी घ्यावी. दुकानात हेडफोन घालून पाहा. बाहेरचा आवाज बराच कमी झाला पाहिजे.

२. वाटी फिरती हवी. डीजे एका कानाने हेडफोन ऐकतो, दुसऱ्या कानाने बाहेरचे गाणे. म्हणून एक वाटी सहज मागे सरकली पाहिजे. मान हलवून पाहा. हेडफोन घसरता कामा नये.

३. वायर हवी. ब्लूटूथवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो. गाणे ऐकायला ते चालेल, पण ठेका जुळवताना तेवढा उशीरही घात करतो.

४. वायर आणि गाद्या बदलता याव्यात. वायर ओढाताणीने तुटते. गाद्या घामाने फाटतात. सुटे भाग मिळाले, तर सगळा हेडफोन फेकावा लागत नाही.

५. पिन पाहा. पिना दोन मापांच्या असतात : ३.५ मिलिमीटर आणि ६.३५ मिलिमीटर. मोठ्या पिनेचा जोड सोबत आहे का, ते विचारा.

आता सगळ्यांत मोठी गोष्ट. आपल्या प्रत्येक कानात आत सुमारे १५ हजार बारीक केसाळ पेशी असतात. त्यांच्यामुळे आपल्याला ऐकू येते. मोठ्या आवाजाने त्या मरतात. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. जाणकारांचा हिशेब असा : ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास. ९१ ला २ तास. असे करत १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे! वरात तर तासन्‌तास चालते.

म्हणून चांगल्या हेडफोनची खरी खूण ही, की त्यात हळू आवाजातही नीट ऐकू येते. ठेका जुळला, की आवाज लगेच कमी करावा. मधून मधून स्पीकरपासून दूर जाऊन कानांना विसावा द्यावा. कानात शिट्टी वाजू लागली, तर ती कानाची तक्रार समजावी आणि डॉक्टरांना कान दाखवावेत.

त्या तरुणाने आता साधा, काळा, बंद वाट्यांचा हेडफोन घेतला आहे. तो दिसायला झकपक नाही. पण आवाज निम्म्यावर ठेवूनही त्याचे काम भागते. हेडफोन मोडला तर दुसरा घेता येईल. कान दुसरे मिळत नाहीत. आणि कान गेले, की डीजेचा धंदाही गेला!

सांगा पाहू :
१. डीजेला एक वाटी मागे का सरकवावी लागते?
२. ९४ डेसिबल आवाज किती वेळ ऐकलेला चालेल? हिशेब करा.