एस्प्लनेड हाउस : एका गिरणीमालकाचे घर

महोत्सवी स्मरणिकेत केवळ अहवाल आणि देणगीदारांची यादी नको, घरातील मुलामाणसांनी वाचावे असेही काही असावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. तेव्हा आम्ही एका घराची ओळख करून देण्याचे योजिले आहे. हे घर बिदर-कलबुर्गीत नाही, मुंबईस आहे. परंतु आपल्याकडील मंडळी लग्नकार्याला, औषधोपचाराला, नोकरीच्या मुलाखतीला बोरीबंदरवर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, उतरतातच. तेथून पायी दहा-बारा मिनिटांवर, जुन्या वाडबी रोडवर, एस्प्लनेड हाउस उभे आहे. हे जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे राहते घर, १८८७ साली पुरे झालेले.

आधी नावाविषयी. किल्ल्यापुढील तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या मैदानास इंग्रजीत एस्प्लनेड म्हणतात. १८६० नंतरच्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले, जागा मोकळी झाली आणि तेथे नवे शहर उठले. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, पुढे तो कोसळला, आणि पुष्कळ पेढ्या बुडाल्या. त्या पडझडीची झळ टाटांनाही लागली होती. त्यातून सावरून जमशेटजींनी गिरणी काढली ती मुंबईस नव्हे, कापूस पिकतो त्या मुलखात, नागपुरास. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. तेथे हवा ओलसर व सुसह्य राखणारी यंत्रे आणि आग विझविण्यासाठी छताला पाण्याचे फवारे बसविले होते. १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधीही निघाला. घराची चर्चा करताना गिरणी कशाला, असे कोणी विचारील. पण घर बांधणाऱ्याने कामगारांच्या डोक्यावर कसले छप्पर घातले, हे पाहिल्यावाचून त्याच्या स्वतःच्या छपराचे मोल आम्हांस तरी करता येत नाही.

आता घर. बोरीबंदरचे स्टेशन १८८८ साली पुरे झाले, म्हणजे दोन्ही वास्तू जवळजवळ एकाच वयाच्या. पण स्वभाव वेगळा. स्टेशन गॉथिक वळणाचे, टोकदार कमानी, मनोरे, दगडात कोरलेले पशुपक्षी. हे घर जुन्या ग्रीक-रोमन वळणाचे, खांबांचे, शांत. खरे सांगावयाचे तर रस्त्यावरून ते आम्हांस प्रथम काहीसे परके वाटले. परंतु आतील मांडणी कळली तेव्हा ओळख पटली, कारण खोल्या चौकाभोवती आहेत. आपल्या माळवदाच्या वाड्यात चौक असतो तो उजेडवाऱ्यासाठी, आणि मोठ्या कुटुंबाने एकमेकांच्या नजरेत राहावे यासाठीही. विलायती पोशाखाखाली ही आपलीच रीत होती, असे आमचे मत झाले.

या धन्याने आपल्या इतर इमारतींचे काय केले, हे आपल्या ट्रस्टच्या सभासदांनी अवश्य पाहावे. १८९२ साली त्यांनी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापिला. पैसे दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून दिले जात; एकाने फेडले की ते दुसऱ्याच्या कामी येत. आरंभीच्या विद्यार्थ्यांत फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री-डॉक्टर होत्या. पुढे विज्ञानसंस्थेसाठी त्यांनी मुंबईतील १४ इमारती व ४ जमिनी देऊ केल्या. किंमत सुमारे ३० लाख रुपये. १९०४ साली ते वारले. संस्था १९०९ साली बंगळुरास स्थापन झाली, म्हैसूर सरकारने ३७१ एकर जमीन दिली. आपल्या जिल्ह्यांतील जी मुले तेथे शिकतात, त्यांच्या शिक्षणाच्या पायात मुंबईच्या भाड्याच्या घरांची ती मिळकत आहे.

एस्प्लनेड हाउस कालांतराने टाटा घराण्याकडून आर. डी. सेठना शिष्यवृत्ती निधीकडे आले. हाही विद्यार्थ्यांना कर्जरूपाने साहाय्य करणारा निधी, आणि त्याची कचेरी त्याच घरात. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली घराचे जतन झाले. भर फोर्टात एवढ्या जागेवर उंच इमारत चढविण्याचा मोह कोणाला होणार नाही? खासगी वारसांच्या वाटणीत ते टिकले असते का, याची आम्हांस शंकाच आहे.

आपल्याकडे वाडे पडतात ते बहुधा वाटण्यांमुळे, आणि काही चुकीच्या डागडुजीमुळे. चुन्यात बांधलेली जुनी भिंत ओल शोषते व बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि आतील चुना भुसभुशीत होतो. आमच्याच घरी हे झाले. शहाबादी फरशी जशीच्या तशी राहिली, पण सिमेंट लावलेली परसाची भिंत दोन पावसाळ्यांत फुगली. अखेर सारा गिलावा टाकीने उतरवून घाणीत मळलेला चुना लावला. भिंत पुरती वाळावयास पुढचा उन्हाळा उजाडला.