धोक्याची नोंदवही : ग्रामपंचायतीच्या कामातील सुरक्षिततेचा पाठ

राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली आणि ग्रामपंचायतीस घटनेचे अधिष्ठान लाभले. तदनुसार गोव्यात १९९४ चा पंचायतराज कायदा झाला. रस्ता, गटार, सार्वजनिक विहीर, दिवाबत्ती, केरकचरा, बाजार, स्मशानभूमी अशी नित्याच्या जीवनाशी निगडित कामे पंचायतीकडे आहेत. या अधिकारांची चर्चा ग्रामसभेत आपण आवर्जून करतो. परंतु अधिकाराच्या पाठोपाठ येणारे एक कर्तव्य मात्र चर्चेत क्वचितच येते. पंचायत ज्याअर्थी माणसे कामाला लावते, त्याअर्थी त्या माणसांच्या जिवाची काळजी वाहणे तिला प्राप्त आहे. तसेच ज्याअर्थी साकव, विहिरी व इमारती तिच्या ताब्यात आहेत, त्याअर्थी त्यांचा वापर करणाऱ्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेचे दायित्वही तिच्याकडेच येते.

अपघात घडल्यानंतर गावात एक वाक्य हमखास ऐकू येते, "हे कधीतरी होणारच होते." या वाक्याचा अर्थ नीट पाहावयास हवा. धोका कोणाला तरी ठाऊक होता; पण तो कागदावर उतरला नव्हता, आणि त्याचे निवारण कोणी व केव्हापर्यंत करावयाचे हे ठरले नव्हते, असाच तो अर्थ होय. ठाऊक असलेला धोका लिहून ठेवणे, तो एका माणसाकडे सोपविणे आणि काम झाले की नाही हे पाहणे, एवढीच सुरक्षिततेच्या व्यवस्थेची मूळ कल्पना आहे. प्रस्तुत पाठात तिचाच विचार करावयाचा आहे.

दुर्घटनांपासून धडा

दिल्लीच्या चांदणी चौकात नगरभवनासमोर एक जुना घड्याळ-मनोरा होता. १९५१ साली तो कोसळला आणि त्याखाली सापडून माणसे दगावली. वारसांनी लावलेले दावे अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १९६६ साली त्यांचा निकाल लागला. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता. ज्या प्रकारच्या चुन्यात तो बांधला होता, त्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचे, अशी साक्ष न्यायालयासमोर आली. दोष बाहेरून दिसत नव्हता, हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. वर्दळीच्या रस्त्यालगतची इमारत ज्याच्या ताब्यात आहे, त्याने ती वेळोवेळी तपासलीच पाहिजे, आणि तशी तपासणी झाल्याचे दिसत नसल्याने नगरसंस्था जबाबदार आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. "आम्हांस माहीत नव्हते" हे उत्तर स्थानिक संस्थेला तारू शकत नाही, हा या खटल्याचा धडा होय.

दुसरे उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. कुडचडे-सावर्डे येथील नदीवरचा पोर्तुगीज राजवटीतील जुना पादपूल वापरासाठी बंद होता. १८ मे २०१७ रोजी नदीत चाललेले शोधकार्य पाहण्यासाठी लोकांनी त्यावर गर्दी केली, पूल कोसळला आणि जीवितहानी झाली. पुढे १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. या दोन्ही ठिकाणी पूल जुने व धोक्याचे आहेत ही गोष्ट लपलेली नव्हती. पूल बंद केल्याचा आदेश एक गोष्ट आहे आणि पुलाच्या तोंडाशी उभी केलेली भक्कम भिंत ही दुसरी. आदेश फाइलीत राहतो. माणसाचे पाऊल भिंतच अडविते.

नोंदवहीची चार पावले

पहिले पाऊल धोका शोधण्याचे. मे महिन्याच्या पूर्वार्धात, पावसाळ्यास अवकाश असताना, सरपंच, प्रभागाचा पंच, सचिव, एक कामगार आणि एक शिक्षक अशा पाच जणांनी गावाची फेरी करावी. कामगारास बरोबर घेणे अगत्याचे आहे, कारण कोणती फरशी हलते आणि कोणत्या खांबाला हात लावला असता झिणझिण्या येतात, हे त्यालाच प्रथम कळते.

दुसरे पाऊल मापनाचे. प्रत्येक धोक्यास दोन गुण द्यावेत. अपघात घडण्याचा संभव किती, यास १ ते ३. आणि घडल्यास हानी किती, यासही १ ते ३. दोहोंचा गुणाकार करावा. उदाहरणार्थ, कल्पनेतील एखाद्या गावात शाळेच्या वाटेवरील साकवाचा कठडा मोडला आहे. मुले रोज जातात, म्हणून संभव ३, खाली पावसाळी व्हाळ आहे, म्हणून हानी ३, एकूण ९. पंचायत घराच्या ओसरीवर पाणी साचून पाय घसरतो, तेथे संभव २ व हानी १; एकूण २. साहजिकच साकव आधी. मात्र जेथे जीव जाण्याची भीती आहे, तेथे संभव कितीही कमी असला तरी ती बाब पुढच्या वर्षावर ढकलू नये, हा नियम गुणाकाराच्या वर मानावा.

तिसरे पाऊल निवारणाचे. नोंदीसमोर उपाय, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मुदतीची तारीख ही तीन घरे भरलीच पाहिजेत. "पंचायत पाहील" असे लिहिणे म्हणजे कोणीच पाहणार नाही असे लिहिणे होय.

चौथे पाऊल तपासणीचे. मुदत संपताच दुसऱ्या व्यक्तीने जागेवर जाऊन काम पाहावे आणि सही करावी. वही मासिक सभेपुढे ठेवावी व तिचा गोषवारा ग्रामसभेत वाचून दाखवावा.

उपायांचा क्रम

सुरक्षितता म्हटली की हेल्मेट व हातमोजे यांचीच आठवण होते. वास्तविक ही साधने उपायांच्या यादीत शेवटची आहेत. प्रथम धोकाच नाहीसा करता येईल काय, हे पाहावे. ते अशक्य असेल तर धोक्याची पद्धत बदलून सौम्य पद्धत योजावी. त्यानंतर माणूस व धोका यांमध्ये कुंपण, झाकण वा अडसर घालावा. मग कामाचे नियम, सूचना व प्रशिक्षण. इतके करूनही जो धोका उरेल, त्यासाठी अंगावरची साधने.

मलटाकीचे उदाहरण घ्या. टाकीत माणूस न उतरविता यंत्राच्या नळीने ती उपसणे, हा पहिल्या प्रतीचा उपाय. बंद टाकीत, गटारात वा बरीच वर्षे न वापरलेल्या विहिरीत विषारी वायू साचतात, किंवा प्राणवायूच कमी असतो. हायड्रोजन सल्फाइड या वायूस कुजक्या अंड्यासारखा वास येतो खरा. परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे "वास येत नाही, म्हणजे भीती नाही" ही समजूत प्राणघातक आहे. जळती मेणबत्ती खाली सोडून पाहण्याची जुनी रीतही सोडून द्यावी, कारण आत मिथेन असल्यास भडका उडतो. विहीर उपसण्यासाठी तेलावर चालणारा पंप आत उतरविल्यास त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडतो. म्हणून तसा पंप नेहमी विहिरीबाहेर व काठापासून दूर ठेवावा.

अशा अपघातांतील सर्वांत करुण भाग असा की, पहिला माणूस बेशुद्ध पडला की दुसरा त्यास काढण्यासाठी धावतो, आणि मग तिसरा. धैर्य असते, श्वास घेण्यास हवा नसते. कोणी आत पडल्यास त्याच्यामागे उतरू नये. तत्काळ अग्निशमन दलास १०१ व रुग्णवाहिकेस १०८ या क्रमांकावर कळवावे आणि बाहेरून हवा सोडण्याची व्यवस्था करावी, हे गावातील प्रत्येकास तोंडपाठ असावे.

तोच विचार इतर कामांसही लागू आहे. जलवाहिनीसाठी चर खणताना दीड मीटरपेक्षा खोल गेल्यास बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनांहून अधिक भरते आणि ढासळलेली माती माणसाला ओरडण्यासही वेळ देत नाही. उपसलेल्या मातीचा ढीग चराच्या काठावर रचू नये. रस्त्याकडेचे माड व फांद्या छाटताना तारा जवळ असतील तर वीज खात्याकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय शिडी लावू नये. कचरा वेगळा करणाऱ्या कामगारांना फुटक्या काचा व सुया यांपासून जाड हातमोजे वाचवितात. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होतो, म्हणून गमबूट हे त्यांचे आवश्यक साधन मानले पाहिजे.

कंत्राट आणि कायदा

काम कंत्राटदाराकडे दिले म्हणजे पंचायतीचे दायित्व संपले, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. सुरक्षा साधनांवाचून माणसास गटारात वा मलटाकीत धोकादायक सफाईस लावणे त्याने निषिद्ध ठरविले असून, ही मनाई स्थानिक संस्था व तिचे अभिकर्ते या दोघांवर आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गटारातील मृत्यूबद्दल द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये ठरविली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख झाली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. यास्तव निविदेतच सुरक्षा साधने, कामगारांचा विमा आणि रस्त्यावरील अडसर व रात्रीचे दिवे यांची स्पष्ट अट व त्यांचा खर्च नमूद करावा. अट घातली आणि खर्च धरला नाही, तर साधने कागदावरच राहतात.

लहान पंचायतीच्या तिजोरीत पैसा कोठून यावयाचा, हा प्रश्न रास्त आहे. पण पहिली पावले स्वस्त असतात. वही, दोरखंड, बांबूचा अडसर, विहिरीवरील जाळी, ठळक अक्षरांतील फलक यांस मोठा निधी लागत नाही. जे काम आवाक्याबाहेरचे असेल, त्याचा लेखी प्रस्ताव गटविकास अधिकारी वा सार्वजनिक बांधकाम खाते यांच्याकडे पाठवावा, पाठपुरावा करावा आणि तोवर ती जागा प्रत्यक्ष बंद ठेवावी.

शिक्षक व ग्रामस्थ

गोव्यात अनेक ठिकाणी चिऱ्यांच्या सोडून दिलेल्या खाणी आहेत. पावसात त्या भरतात, वरून शांत तळ्यासारख्या भासतात. पण त्यांचे काठ सरळ तुटलेले असतात व पाय टेकण्यास उतार नसतो. पोहावयास गेलेली मुले त्यांत बुडतात. शिक्षकांनी मुलांकडूनच आपल्या वाटेवरील धोक्यांचा नकाशा काढून घ्यावा व तो पंचायतीस द्यावा. भूगोलाचा याहून उपयुक्त पाठ शोधूनही सापडणार नाही.

ग्रामस्थांनी, तसेच कामगारांनी, जिवावरचे जे शेपटावर निभावले तेही सांगावे. फांदी हातभर अंतरावर पडली, शिडी सरकली पण माणूस वाचला, अशा घटनांची नोंद म्हणजे पुढील अपघाताची आगाऊ सूचना होय. ती देणाऱ्यास दटावले, तर दुसऱ्या वेळी कोणी बोलणार नाही. म्हणून सचिवांनी अशी नोंद करताना प्रथम आभार मानावेत आणि चौकशी मागाहून करावी.

४ मार्च हा दिवस देशात राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. १९६६ साली त्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. त्या दिवशी भाषणे अवश्य व्हावीत. त्याचबरोबर प्रत्येक पंचायतीने आपली नोंदवही उघडून किती नोंदींपुढे सही झाली आणि किती कोऱ्या राहिल्या, हे मोजावे. कोऱ्या घरांसाठी त्याच सभेत नावे व तारखा ठरवाव्यात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील पाच धोके लिहा, त्यांस संभव व हानी यांचे गुण द्या आणि क्रम लावा.
२. त्यांपैकी कोणता धोका मुळातूनच नाहीसा करता येईल? कोणत्या ठिकाणी केवळ अडसर घालणे शक्य आहे?
३. बंद विहिरीत कोणी बेशुद्ध पडल्यास आपण काय कराल आणि काय करणार नाही?
४. आपल्या पंचायतीच्या मागील एखाद्या निविदेत कामगारांच्या सुरक्षिततेची कोणती अट होती व तिचा खर्च धरला होता काय, ते ग्रामसभेत विचारा.